टोरांटोत भाड्याचं घर शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची आणि नव्या पीआरवाल्यांची (कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांची) विमानं उतरू लागली की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. गणपतीच्या आरतीनंतर चपला शोधतानाही कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही, एजंटही नाही. इथं चार घरं बदललेला भाडेकरू आहे. खालचे नियम ओंटारियो प्रांताचे आहेत. व्हँकुव्हर-मॉन्ट्रियलवाल्यांनी तिथले कायदे बघावेत, ते वेगळे आहेत.

भारतातूनच घर पक्कं करून येऊ का? उतरल्यावर धावपळ नको.

धावपळ होणारच आहे, पण ती इथं येऊन करा. पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती महिन्याच्या बोलीवरची खोली, हॉस्टेल किंवा एखादा सहन करणारा नातेवाईक गाठा. व्हिडिओ कॉलवर कुबट वास येत नाही आणि शेजारच्या रेल्वेमार्गाचा आवाजही ऐकू येत नाही.

इथली बहुतेक घरं महिन्याच्या १ तारखेपासून भाड्याने जातात. जुन्या भाडेकरूला साधारणपणे ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे जाहिराती महिना-दोन महिने आधी लागतात. तुम्ही ५ सप्टेंबरला उतरलात तर १ ऑक्टोबरचं घर शोधता आहात असं समजा. जमलं तर हिवाळ्यात शोधा. जानेवारीत बर्फातून घर बघायला कोणी जात नाही, तेव्हा मालक थोडा मऊ असतो.

जाहिरातीत बॅचलर, वन प्लस वन, बेसमेंट असं काय काय लिहिलेलं असतं. नेमकं काय मिळतं?

बॅचलर म्हणजे एकच खोली, त्यातच ओटा. लग्न झालेल्यांनाही देतात, काळजी नको. वन प्लस वन म्हणजे एक बेडरूम आणि एक ‘डेन’. या डेनला बहुतेक वेळा खिडकी नसते, कधी कधी दारही नसतं. दोन बेडरूम समजून पैसे मोजू नका.

इमारतींचे दोन प्रकार. ‘अपार्टमेंट’ म्हणजे पूर्ण इमारत एकाच कंपनीच्या मालकीची, बहुतेक जुनी, खोल्या मोठ्या, तळमजल्यावर सगळ्यांची मिळून लाँड्री. ‘कॉन्डो’ म्हणजे आपल्या सोसायटीसारखं: प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा, वर कॉन्डो बोर्डाचे नियम. सामान चढवायला लिफ्टसुद्धा आधी बुक करावी लागते. बेसमेंट म्हणजे कोणाच्या तरी बंगल्याचं तळघर, जमिनीखाली अर्धं किंवा पूर्ण. स्कारबरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागात आपली बरीच मंडळी इथूनच सुरुवात करतात.

भाडं किती पडेल? कोणत्या भागात बघू?

एक बेडरूमच्या कॉन्डोला महिना साधारण २,००० ते २,५०० डॉलर धरा, डाउनटाउनला वरचं टोक. बेसमेंट त्याहून बरंच स्वस्त. जाहिरातीतल्या आकड्यात काय काय धरलंय ते मात्र विचारा: हीट, पाणी, पार्किंग आणि ‘हायड्रो’. हायड्रो म्हणजे पाणी समजून मी पहिल्या घरात दोन महिने गोंधळलो होतो. इथं विजेलाच हायड्रो म्हणतात, नायगाराच्या धबधब्यावरची वीज होती तेव्हापासून. ज्या घरात हीटिंग विजेवर आहे आणि हायड्रो वेगळं भरायचं आहे, तिथलं फेब्रुवारीचं बिल आधीच्या भाडेकरूकडून बघून घ्या.

भागाचं म्हणाल तर भाड्यापेक्षा प्रवास मोजा. टोरांटो शहरात टीटीसी ही शहराची बस-सबवे सेवा चालते आणि एका तिकिटावर दोन तास बस-सबवे बदलता येतात. मिसिसागा, ब्रॅम्प्टन ही वेगळी शहरं, त्यांच्या बससेवा वेगळ्या. मुलं असतील तर घर बघायच्या आधी त्या पत्त्याला कोणती सरकारी शाळा लागते ते बघा. शाळा पत्त्यावरून ठरते.

एजंटला किती द्यायचे?

काही नाही. मुंबईत ब्रोकरला महिनाभराचं भाडं मोजायची सवय असते, म्हणून हे कोणाला खरं वाटत नाही. इथं भाड्याच्या व्यवहारातली दलाली मालक देतो आणि तीच दोन्ही बाजूंच्या एजंटांत वाटली जाते. अर्ज भरायची फी, घर दाखवायची फी, नाव नोंदवायची फी असं काहीही मालक किंवा त्याचा माणूस भाडेकरूकडून घेऊ शकत नाही. कोणी मागितली तर तो एजंटच आहे का, हे आधी तपासा (पुढे ‘जाहिरात खरी की खोटी’ बघा).

सुरुवातीला हातात किती पैसे हवेत? डिपॉझिट किती महिन्यांचं?

एका महिन्याचं. ‘फर्स्ट अँड लास्ट’ हे शब्द पाठ करा: पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं. कायद्याने मालक एवढंच घेऊ शकतो. ‘डॅमेज डिपॉझिट’ ओंटारियोत बेकायदा आहे, मग ते रंगासाठी असो, फर्निचरसाठी असो की कुत्र्यासाठी. चावीचं डिपॉझिट चालतं, पण ते चावी बनवायच्या खऱ्या खर्चाइतकंच आणि चावी दिल्यावर परत मिळणारं.

शेवटच्या महिन्याचे पैसे त्या महिन्यासाठीच वापरायचे असतात. भिंतीला भोक पडलं म्हणून मालक ते अडकवून ठेवू शकत नाही. उलट त्यावर दर वर्षी व्याज द्यायचं असतं. कोणी आपणहून देत नाही, मागावं लागतं.

म्हणजे २,००० भाड्याच्या घराला ४,००० डॉलर, वर चावी, महिना २०-४० डॉलरचा भाडेकरू विमा आणि एक गादी. ही रक्कम बँक ड्राफ्टने किंवा ई-ट्रान्सफरने (बँकेतून ऑनलाइन) द्यायची, रोख कधीच नाही. आणि आपल्या बँकेची ई-ट्रान्सफरची रोजची मर्यादा आधी विचारून ठेवा, ऐन वेळी पैसे अडकतात.

क्रेडिट हिस्टरी शून्य, नोकरी अजून नाही. मला घर कोण देणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, तेव्हा सविस्तर.

मालक क्रेडिट रिपोर्ट, आधीच्या मालकांचा दाखला आणि पगाराचं पत्र मागू शकतो. पण ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाचं धोरण स्पष्ट आहे: नव्याने आलेल्या माणसाकडे क्रेडिट किंवा भाड्याचा इतिहास नाही एवढ्यावरून त्याला कमी लेखायचं नाही. ‘भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत हवं’ ही चाळणी लावून लोकांना बाहेर काढणंही नियमात बसत नाही.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मालकाकडे एका घरासाठी पाच-सहा अर्ज येतात आणि तो कारण न देता दुसऱ्याला निवडतो. म्हणून आपली फाइल भरीव करा. भारतातल्या मालकाचं किंवा सोसायटीचं इंग्रजीतलं पत्र, तिकडच्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, इथल्या खात्यात किती शिल्लक आहे त्याचा कागद, नोकरीचं ऑफर लेटर असेल तर ते, नसेल तर पूर्वीच्या नोकरीचं. सगळं एका पीडीएफमध्ये, वर पाच ओळींचं पत्र: आम्ही कोण, किती जण, कधीपासून हवंय. पत्र साधं असलं तरी चालतं. माझ्या दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी नंतर सांगितलं की बाकी कोणीच पत्र लिहिलं नव्हतं.

इथं नोकरी असलेलं कोणी गॅरंटर राहायला तयार असेल तर अर्ज पुष्कळ वर जातो. पण त्या माणसाला नीट समजावून सांगा. तुम्ही भाडं थकवलंत तर ते त्याच्या अंगावर येतं. भिडेखातर सही घेऊ नका. सोशल इन्शुरन्स नंबर म्हणजे सिन हा नऊ आकडी क्रमांक मात्र मालकाला द्यायची सक्ती नाही. अर्जाच्या फॉर्मवर त्याची जागा असते, ती मोकळी सोडली तरी चालते.

मालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय. देऊ का?

मागणं बेकायदा आहे. हक्क एका महिन्याच्या डिपॉझिटचाच (वरचा डिपॉझिटचा प्रश्न बघा). मग ‘भाडेकरूने आपणहून देऊ केले’ असं लिहून घेतात, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे सर्रास चालतं. माझं मत विचाराल तर देऊ नका. पैसे आधीच पोचले की हीटर बंद पडल्यावर मालकाला फोन उचलायची घाई राहत नाही. त्याऐवजी गॅरंटर आणि बँक स्टेटमेंट पुढे करा. बारा पोस्ट-डेटेड चेकचीही तो सक्ती करू शकत नाही. आपण खुशीने देत असाल तर गोष्ट वेगळी.

घर बघायला गेलो तर बघू काय? आम्हाला सगळीच चांगली वाटतात.

पहिल्यांदा शेगडी चालू करा आणि वरचा पंखा लावून हात धरा. इथल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून घरातच परत सोडतो. माझ्या पहिल्या कॉन्डोत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलायचा. मी एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालायचो. शेवटी फोडणीच्या आधी बाल्कनीचं दार उघडायचं हा नियम झाला, उणे पंधरातसुद्धा. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे.

मग ढेकूण. इथं श्रीमंत इमारतीतही असतात. मोबाइलची बॅटरी लावून कपाटाच्या फटी आणि बेसबोर्डच्या (भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या) कडा बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर निघा. राहायला गेल्यावर निघाले तर औषध मारून घ्यायचं काम आणि खर्च मालकाचा. रस्त्यावर ‘फुकट’ ठेवलेली गादी-सोफा, कितीही नवा दिसला तरी, घरात आणायचा नाही.

बेसमेंट असेल तर बाहेर पडायचा स्वतंत्र मार्ग आहे का, खिडकीतून मोठा माणूस निघेल का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते पाहा. छताला डोकं लागत नाही ना? भिंतीच्या खालच्या कडेला हात लावा. ओल हाताला कळते. थर्मोस्टॅट कोणाच्या हातात आहे तेही विचारा. बहुतेक वेळा तो वरच्या मजल्यावर मालकाकडे असतो.

नळ सोडून ठेवा आणि फ्लश करा, पाण्याचा जोर कळतो. मोबाइलला रेंज आहे का तेवढं बघा आणि या.

जाहिरात खरी की खोटी हे कसं ओळखायचं?

भाडं त्या भागापेक्षा तिसरा हिस्सा कमी, फोटो मासिकातले, मालक ‘कामानिमित्त परदेशी’ आणि चावी कुरिअरने येणार. यातलं एक जरी जुळलं तरी सोडा. खऱ्या विक्रीच्या जाहिरातीतले फोटो उचलून किजिजी या जाहिरातींच्या साइटवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर टाकायचे, हा इथला जुना धंदा आहे.

ओळखीतल्या एका जोडप्याने नागपुरातून पैसे पाठवले, विमानतळावरून थेट पत्त्यावर गेले. पत्ता खरा होता, इमारतही होती. फक्त तो फ्लॅट ज्यांचा होता त्यांनी तो भाड्याला काढलेलाच नव्हता. चार बॅगा घेऊन दोघं लॉबीत उभी.

घर आतून बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक डॉलरही नाही. एजंट असेल तर त्याचं नाव ‘रेको’ या नियामक संस्थेच्या नोंदवहीत ऑनलाइन बघता येतं. मालक स्वतः असेल तर मालमत्ता कराचं बिल किंवा ओळखपत्र मागा. खरा मालक चिडत नाही.

इथंही अकरा महिन्यांचा करार असतो का?

नाही. अकरा महिन्यांचं ‘लीव्ह अँड लायसन्स’ विमानात विसरून या. इथं बहुधा एक वर्षाचा करार होतो आणि वर्ष संपलं की तो आपोआप महिन्या-महिन्याने चालू राहतो. ‘नवा करार करा नाहीतर घर सोडा’ असं मालक म्हणू शकत नाही.

३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक खासगी घरांसाठी सरकारने ठरवलेला एकच फॉर्म आहे, ‘स्टँडर्ड लीज’. दुसऱ्याच कागदावर करार करून दिला असेल तर हा फॉर्म लेखी मागा. २१ दिवसांत मिळाला नाही तर एका महिन्याचं भाडं रोखून धरायचा हक्क तुम्हाला मिळतो. घराला लागू होणारा मूळ कायदा २००६ चा, रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट. तंटे सोडवायला लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’).

करारात ‘प्राणी नको, पाहुणे नको’ लिहिलंय. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत.

येऊ द्या. पाहुण्यांवर बंदी घालणारं किंवा त्यांचे वेगळे पैसे लावणारं कलम टिकत नाही. सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आलेले आई-वडीलही यात आले. मर्यादा एवढीच की खोल्यांच्या मानाने माणसं अति होता कामा नयेत. पाण्याचं बिल वाढलं म्हणून मालक कुरकुरेल. ते प्रेमाने मिटवा, एखादा पुरणपोळीचा डबा वर पाठवून.

प्राणीबंदीचं कलमही रद्दबातल असतं, पण कॉन्डोच्या मूळ दस्तऐवजातच प्राण्यांना मनाई असेल तर ती लागू होते. मालकाच्या घरात स्वयंपाकघर वाटून राहत असाल तर यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी ‘मालकाच्याच घरात खोली’ हा प्रश्न वाचा.

दर वर्षी भाडं किती वाढू शकतं?

बारा महिन्यांतून एकदाच, ९० दिवस आधी लेखी नोटीस देऊन, सरकार दर वर्षी जाहीर करतं त्या टक्केवारीपर्यंत. २०२५ साठी ती २.५ टक्के होती, २०२६ साठी २.१.

आता मेख. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर जिथं पहिल्यांदा माणसं राहायला आली, अशा घरांना ही टक्केवारी लागू नाही. नोटीस आणि ‘वर्षातून एकदाच’ हे लागू, पण वाढ कितीही. चकचकीत नवा कॉन्डो पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाला म्हणून खूश झालेल्यांना दुसऱ्या वर्षी तीनशे डॉलरचा फटका बसतो तो असा. नव्याने बांधलेलं बेसमेंटही यात येऊ शकतं. इमारत केव्हाची, हे सही करायच्या आधी विचारा.

‘ओन्ली व्हेज’, ‘कुटुंब हवं’, ‘अमुक देशाचे नकोत’ असं लिहिलेलं चालतं का?

वंश, धर्म, मूळ देश, कुटुंब, सरकारी मदत मिळते का, यावरून घर नाकारणं ओंटारियोच्या मानवी हक्क संहितेविरुद्ध आहे. ‘तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो’ हे बहुतेक वेळा त्याचंच सौम्य रूप असतं. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपलेच लोक बेसमेंटची जाहिरात देताना जे लिहितात ते वाचून कधी कधी मान खाली जाते. अपवाद पुढच्या प्रश्नात.

मालकाच्याच घरात खोली घेतोय, स्वयंपाकघर एकच. नियम तेच ना?

नाही, आणि इथंच लोक फसतात. मालक, किंवा त्याची बायको, नवरा, आई-बाप, मूल यांपैकी कोणी त्या घरात राहत असेल आणि त्यांच्याबरोबर तुम्हाला स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून वापरावं लागत असेल, तर २००६ चा कायदा तुम्हाला लागू होत नाही. भाडेवाढीची मर्यादा, ६० दिवसांची नोटीस, बोर्डाकडे तक्रार, सगळं गेलं. मानवी हक्क संहितेतही अशा घरासाठी सूट आहे, म्हणजे इथं ‘व्हेज’ची अट चालते.

खोली वाईट असते असं नाही. मी पहिले चार महिने अशाच घरात राहिलो आणि त्या काकू आजही दिवाळीला बोलावतात. पण सोडायची नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट परत कधी, पाहुणे चालतील का, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. कायदा नसेल तिथं तो कागदच तुमचा कायदा.

चौघं मिळून घर घेतोय. करार एकाच्याच नावावर केला तर?

मग मालकाच्या लेखी भाडेकरू तो एकच. तो निघून गेला तर बाकी तिघांना राहायचा हक्क सांगणं अवघड. चौघांची नावं घातली तर हक्क चौघांना, पण एकाने भाडं बुडवलं तर मालक ते उरलेल्या कोणाकडूनही पूर्ण वसूल करू शकतो. मी हा दुसरा, चौघांच्या नावांचा मार्ग घेतला असता.

वर्ष संपायच्या आत दुसऱ्या शहरात नोकरी लागली. घर सोडता येईल?

मालक तयार असेल तर एन-११ या करार संपवायच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या, विषय संपला. तयार नसेल तर तुमच्या जागी दुसरा भाडेकरू द्यायची लेखी परवानगी मागा; याला असाइनमेंट म्हणतात. त्याने सरसकट नकार दिला किंवा सात दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर ३० दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. न सांगता चावी ठेवून गेलात तर मालक नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं भाडं मागू शकतो. वर्ष पूर्ण झाल्यावर मात्र एन-९ हा घर सोडायच्या नोटिशीचा फॉर्म आणि ६० दिवस, एवढंच.

मालक म्हणतो, पुतण्या राहायला येतोय, महिनाअखेर घर खाली करा.

पुतण्या चालत नाही. भाऊ, भाचा, मेव्हणाही नाही. स्वतः मालक, जोडीदार, त्यांचे आई-वडील किंवा मुलं, किंवा या मंडळींची सेवा करणारा माणूस, यांच्यापैकी कोणी किमान वर्षभर राहणार असेल तरच एन-१२ नोटीस देता येते. तीही कमीत कमी ६० दिवसांची, कराराचं वर्ष पुरं होण्याआधी लागू न होणारी. ६० दिवसांच्या नोटिशीबरोबर एका महिन्याचं भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं.

नोटीस म्हणजे हुकूम नाही. तुम्ही राहिलात तर मालकाला बोर्डाकडे जावं लागतं आणि आदेश झाला तरी घर रिकामं करून घ्यायला फक्त शेरीफ, म्हणजे कोर्टाचा अंमलदार, येऊ शकतो. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं, वीज तोडणं बेकायदा. घर सोडल्यावर तेच घर वाढीव भाड्याने जाहिरातीत दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. वर्षभराच्या आत बोर्डाकडे तक्रार करता येते.

हीटर नीट चालत नाही, आणि बर्फ मीच काढायचा म्हणतात.

टोरांटोत थंडीच्या महिन्यांत घरात किमान २१ अंश ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. आधी त्याला लेखी कळवा, थर्मामीटरचा तारीखवार फोटो जोडा, मग ३११ ला, म्हणजे शहराच्या चौकशी-तक्रारीच्या नंबरला, फोन करा. बर्फ काढणं हेही देखभालीत येतं, म्हणजे मालकाचं काम. करारात भाडेकरूवर टाकलेलं कलम बहुतेक वेळा टिकत नाही. मी स्वतःच काढायचो, कारण कामावर निघायला सकाळी सहाला वाट मोकळी लागायची.

दुरुस्तीला येतानाही मालकाने २४ तास आधी लेखी कळवून, सकाळी ८ ते रात्री ८ मध्येच यायचं असतं.

मालक मराठीच आहेत, ओळखीतले. करार-पावती मागितली तर वाईट दिसेल ना?

‘काका, बँकेला पत्त्याचा पुरावा हवाय’ म्हणा. हेल्थ कार्डालाही (सरकारी आरोग्यसेवेचं कार्ड) लीज चालतं, तेव्हा खोटंही नाही. पावती मागितली की ती फुकट द्यायला मालक बांधील असतो. तेही जड वाटत असेल तर भाडं ई-ट्रान्सफरने पाठवा आणि संदेशाच्या जागी ‘मार्च भाडे, बेसमेंट’ असं लिहा. इंग्रजीत लिहिलंत तर बरं, बोर्डासमोर भाषांतर करत बसावं लागणार नाही.